सापडेल अशा ठिकाणी ठेवा

(गणेशोत्सवातील व्याख्यानात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यान म्हणावं असं आमच्याजवळ काही नाही, हे आधीच कबूल करतो. या व्यासपीठावर प्राध्यापक बोलून गेले, डॉक्टर बोलून गेले. आम्ही राज्य सरकारचे नोकर, शिक्षण कॉम्प्युटरच्या डिप्लोमापर्यंतचं. वीस-बावीस वर्षं फायली, नोंदवह्या आणि आता वेबसाइट यांच्यात गेली. सरकारी पत्रात 'मी' लिहीत नाहीत, त्यामुळे बोलतानाही 'आम्ही' म्हणायची खोड लागली आहे. ती चालवून घ्या. मंडळाची वेबसाइट नव्याने करायचं काम कार्यकारिणीने आमच्यावर आणि तीन तरुण सभासदांवर सोपवलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "काय करताय ते एकदा सगळ्यांना सांगा तरी." म्हणून हे बोलणं. विषय एवढाच, की माहिती अशी कशी ठेवावी म्हणजे ज्याला ती हवी आहे त्याला सापडेल.

सुरुवात आपल्या मंडळाच्या माळ्यापासून करतो. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या रात्री आम्ही सगळे मोठी पितळी समई शोधत होतो. माळ्यावर अकरा खोकी. त्यांवर चिठ्ठ्या होत्या, नाही असं नाही. 'जुने सामान', 'जुने सामान २', 'मंडप', 'इतर', 'इतर (महत्त्वाचे)'. साडेअकरापर्यंत शोधलं आणि शेवटी एका सभासदाच्या घरची समई आणून वेळ भागवली. अनंत चतुर्दशीनंतर सामान परत भरताना आपली समई सापडली. 'इतर (महत्त्वाचे)' या खोक्यात तळाशी, जुन्या पडद्यात गुंडाळलेली. ज्याने ठेवली त्याने जपूनच ठेवली होती. समई हरवलेली नव्हती. ती फक्त सापडत नव्हती. पण चतुर्थीच्या पहाटे या दोन गोष्टींत काय फरक पडतो?

आता याच्या शेजारी आपल्या घरातला मिसळणाचा डबा ठेवून पाहा. त्यावर एकही चिठ्ठी नसते. तरी फोडणी तडतडत असताना मोहरी, जिरं, हळद यांवर हात बरोबर पडतो. कारण तो डबा लावणारीनेच रोज स्वयंपाक केलेला असतो. काय एकदम लागतं, काय आधी लागतं, हे तिला ठाऊक असतं. माळ्यावरची खोकी मात्र सामान आवरणाऱ्याने लावली, त्याच्या आवरण्याच्या सोयीने. बहुतेक वेबसाइटी या माळ्यासारख्या असतात, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आणि त्यांतल्या काही आम्हीच भरल्या आहेत.

ही अडचण कॉम्प्युटरबरोबर आली असं समजू नका. ग्रंथालयांनी ती फार आधी ओळखली होती, आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी त्यातली एक मोठी गोष्ट इथून दीडशे किलोमीटरवर बडोद्यात घडली. कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. महाराजांनी आपला राजवाड्यातला ग्रंथसंग्रह लोकांसाठी दिला, त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. बोर्डन तीन वर्षं राहिले. त्यांनी पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली, ग्रंथपाल तयार करण्याचे वर्ग घेतले. 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघालं, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांमधून फिरती वाचनालयं गेली. आजच्या आपल्या जिल्ह्यातले कामरेज, पलसाणा आणि पलीकडचे व्यारा, सोनगढ हे सगळे तेव्हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. म्हणजे ती चळवळ आपल्या दारापर्यंत आलेली होती.

पुस्तकं जमवणारे राजे पुष्कळ झाले. महाराजांनी पुस्तकं जमवली, आणि ती शोधून देणारा माणूसही आणला. पगार देऊन, सातासमुद्रापलीकडून. पुढे मद्रासला गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आम्ही डिप्लोमाला असताना हे कोणी शिकवलं नाही. तिथं आम्हाला यंत्राचा वेळ कसा वाचवायचा ते शिकवलं. माणसाच्या वेळाचं महत्त्व आम्हाला पुढे, एका प्रसंगातून कळलं.

तो प्रसंग सांगणं आम्हाला सोपं नाही, पण तो टाळून पुढचं बोलणं खोटं होईल. कार्यालयाचं नाव घेत नाही, मुलीचंही घेत नाही. आपल्याच समाजातलं घर. वडील शहादा तालुक्यातून आलेले, उधन्याला लूम खात्यात कामाला. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. वसतिगृहासाठी आर्थिक मदतीची एक योजना होती, तिचा अर्ज भरायचा होता. योजनेची सूचना आमच्या कार्यालयाच्या वेबसाइटवर वेळेत चढली होती. मुदतीच्या आधी पूर्ण अठरा दिवस. बाप-लेक तीन संध्याकाळी ती वेबसाइट उघडून बसले. सापडली नाही. योजना निघालीच नसेल अशी त्यांची समजूत झाली. मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी वडील आमच्याकडे विचारायला आले. आम्ही तोऱ्यात म्हणालो, "साइटवर होती की!" आणि दाखवायला बसलो. आम्हालाच पाच मिनिटं लागली.

ती सूचना कुठं होती? 'परिपत्रके' या सदरात, त्यात 'चालू वर्ष', त्यात चाळीसएक फायलींच्या यादीत. फायलीचं नाव 'स्कॅन ००४३'. आत एका वाकड्या छापील कागदाचा फोटो. आणि ती फाइल चढवणारे आम्हीच.

मुलगी शेजारी उभी होती. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काका, परिपत्रक म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही 'हॉस्टेल' शोधत होतो."

त्या वर्षी तिला मदत मिळाली नाही. वडिलांनी उसने पैसे काढले आणि शिक्षण चालू ठेवलं. आम्ही वरिष्ठांना टिपण दिलं, फायलींची नावं बदलली, पण गेलेली तारीख परत येत नाही. 'आम्ही' म्हणायच्या सवयीचा एक फायदा असतो, चूक सगळ्यांमध्ये वाटली जाते. ही चूक मात्र वाटून घ्यायची नाही असं आम्ही ठरवलं.

आता कोणी विचारील, कायदा काय करतो? माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. त्याच्या कलम ४ मध्ये अगदी सुरुवातीलाच सांगितलं आहे की प्रत्येक कार्यालयाने आपल्या अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका करून ठेवावी. त्याखाली सतरा बाबी आपण होऊन जाहीर करायच्या आहेत. माहिती स्थानिक भाषेत आणि लोकांना सहज मिळेल अशी द्यावी, हेही त्याच कलमात आहे. कायदा चांगलाच आहे. पण बहुतेक कार्यालयं त्या सतरा बाबी कायद्याच्याच क्रमाने मांडतात, कारण तपासणीला येणारा अधिकारी त्याच क्रमाने तपासतो. तपासणी पार पडते. मुलगी 'हॉस्टेल' शोधत राहते. मांडणी कोणाच्या डोळ्यांनी केली, यावर सगळं अवलंबून आहे.

दुसरं उदाहरण आपल्यापैकी निम्म्या घरांतलं आहे, सातबाऱ्याचं. घर सुरतेत आणि वाट्याची जमीन खानदेशात, अशी आपली पुष्कळ कुटुंबं आहेत. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही, दोन्ही मिळून सातबारा. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, पण मुंबई राज्याचा हा वारसा दोघांनी ठेवला, म्हणून गुजरातीतही सात-बार आणि आठ-अच म्हणतात. आता दोन्ही राज्यांत हे घरबसल्या पाहता येतं, महाराष्ट्रात महाभूलेखवर आणि गुजरातेत एनीआरओआरवर. ही लहान गोष्ट नाही. पूर्वी एका उताऱ्यासाठी ताप्ती लाइनच्या गाडीने जाऊन, तलाठ्याची वाट पाहून, मुक्काम करून यावं लागे.

पण शोधायला बसलेल्या आजोबांच्या शेजारी आम्ही बसलो आहोत, त्यामुळे अडखळण्याच्या जागा सांगतो. महाभूलेखवर पूर्वी सगळ्यात आधी महसूल विभाग निवडावा लागे. सहा विभाग आहेत. सभागृहातल्या किती जणांना आपल्या गावाचा विभाग माहीत आहे? धुळे, नंदुरबार, जळगाव हे नाशिक विभागात येतात. मग जिल्हा. आजोबा म्हणतात धुळे. कारण ते गाव सोडून आले तेव्हा तळोदा, शहादा, नवापूर हे सगळं धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. आजोबांच्या वडिलांच्या कागदावर तर 'पश्चिम खानदेश' लिहिलेलं. पलीकडे निझरकडची गावं त्या पश्चिम खानदेशातून १९६० मध्ये सुरत जिल्ह्यात आली आणि २ ऑक्टोबर २००७ पासून तापी जिल्ह्यात गेली. जमीन जागची हलली नाही, पण तिचं नाव असलेलं खोकं दोनदा बदललं. नवापूर स्टेशनवर बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे आपण कौतुकाने पाहुण्यांना दाखवतो. आपले कागद त्या बाकासारखेच आहेत.

मग नंबर. आजोबांजवळ जुना सर्व्हे नंबर, आणि एकत्रीकरणानंतर गावात गट नंबर आलेला. इथं दोन्ही साइटींवर एकेक चांगली गोष्ट केलेली आहे. महाभूलेखवर नंबर माहीत नसेल तर नावावरून शोधता येतं. एनीआरओआरवर फेरमोजणी झालेल्या गावांसाठी जुन्या सर्व्हे नंबरावरून नवा नंबर काढण्याची वेगळी सोय आहे. ज्याने ही सोय ठेवली, त्याने खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कोणता कागद असतो ते पाहिलेलं असणार. त्याच साइटवर सोयींची नावं मात्र 'व्हीएफ-७', 'व्हीएफ-८ए', 'व्हीएफ-६' अशी आहेत. व्हीएफ म्हणजे गाव नमुना हे आमच्यासारख्या नोकराला कळतं. खेडूत 'सात-बार' म्हणतो.

आणखी एक गोष्ट, ही तर नोंदवून घ्या. महाभूलेखवर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. कायदेशीर कामाला डिजिटल सहीचा उतारा लागतो, तो वेगळ्या साइटवर १५ रुपये भरून मिळतो. हा फरक न कळल्यामुळे फुकटच्या उताऱ्याची छापील प्रत घेऊन आपले एक सभासद थेट धुळ्याच्या बँकेत पोचले आणि तसेच परत आले. उतारा मिळाला होता, पण चुकीचा. न सापडण्यापेक्षा हे जास्त महाग पडतं.

यावर आपली तरुण मंडळी म्हणतात, "काका, मांडणी कशाला? सर्च आहे ना!" सर्च आहे, पण त्याला शब्द जुळावा लागतो. सरकार 'शिधापत्रिका' लिहितं, लोक 'रेशनकार्ड' शोधतात. सरकार 'अधिवास प्रमाणपत्र' लिहितं, लोक 'डोमिसाइल' शोधतात. आपली तर दुहेरी गंमत. इथं 'आवकनो दाखलो' म्हणतात, मराठीत तो उत्पन्नाचा दाखला, आणि मराठीत 'आवक' म्हटलं की बाजार समितीतला कांदा आठवतो. इथली 'वारसाई' तिकडे 'वारस नोंद'. इथले मामलतदार तिकडे तहसीलदार. कोणी '7/12' टाकतो, कोणी 'सातबारा', कोणी 'सात-बारा'. यंत्राला हे सगळं एकच आहे असं आधी सांगून ठेवावं लागतं, ते त्याला आपोआप कळत नाही.

दुसरं म्हणजे, कितीतरी मजकूर सर्चला दिसतच नाही. स्कॅन केलेला कागद यंत्राच्या लेखी एक फोटो असतो, गणपतीच्या फोटोसारखाच. त्यातली अक्षरं त्याला अक्षरं म्हणून दिसत नाहीत. जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या मजकुराचं तसंच. मराठीत श्रीलिपी, शिवाजी, गुजरातीत टेराफॉन्ट, एलएमजी अरुण. डोळ्यांना सुंदर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात निरर्थक इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूरच शोधता येतो. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका याच कारणाने आज शोधता येत नाहीत. त्यांत किती घरांचा इतिहास आहे!

आणि तिसरं, ज्याला एखादी गोष्ट आहे हेच ठाऊक नाही, तो सर्च काय करणार? मांडणी बघूनच त्याला कळतं की अरे, हेही इथं मिळतं. तेच व्हॉट्सअॅपचं. आपण सगळं ग्रुपवर टाकतो. रक्तदात्यांची यादी टाकली, तिच्यावर दोनशे 'शुभ सकाळ' आले. यादी गेली वाहून तापीत.

आता आपल्या वेबसाइटीचं सांगतो. पहिल्या बैठकीत आम्ही जी रूपरेषा केली ती अशी: सांस्कृतिक विभाग, शैक्षणिक विभाग, महिला विभाग, युवा विभाग, सभासद विभाग. आणि पहिल्या पानावर पदाधिकाऱ्यांचे फोटो. सगळ्यांना पसंत पडली, कारण आपली कार्यकारिणी अशीच आहे. मग ती मुलगी, हो, तीच, आता आपल्या वेबसाइटच्या गटात आहे, ती म्हणाली, "पण बाहेरच्याला आपले विभाग कुठं माहीत असतात?"

मग आम्ही एक साधी रीत वापरली. या धंद्यात तिला कार्ड सॉर्टिंग म्हणतात, करायला मात्र फक्त चिठ्ठ्या आणि सतरंजी लागते. वेबसाइटवर जे जे ठेवायचं ते एकेका चिठ्ठीवर लिहिलं. साठ चिठ्ठ्या झाल्या. मग मंडळातल्या निरनिराळ्या वयाच्या लोकांना एकेकट्याने बसवलं आणि सांगितलं, तुम्हाला ज्या एकत्र असाव्यात असं वाटतं त्यांचे ढीग करा आणि प्रत्येक ढिगाला तुमच्या शब्दांत नाव द्या. आम्ही मध्ये बोलायचं नाही, हा नियम. तो पाळणं फार कठीण गेलं.

एकानेही आमचे विभाग केले नाहीत. लोकांनी केलेले ढीग असे: 'हॉल पाहिजे', 'मुलांचं शिक्षण', 'लग्न जमवणं', 'दवाखाना आणि रक्त', 'गावाकडचे कागद', 'गणपती', 'वर्गणी कुठं भरायची'. पदाधिकाऱ्यांच्या फोटोची चिठ्ठी बहुतेकांनी बाजूला ठेवली. अध्यक्षांच्याही हे लक्षात आलं, आणि त्यांनी मोठ्या मनाने हसून ते मान्य केलं.

आणि एक ढीग असा निघाला की आम्ही सगळे गप्प झालो. ऐंशीच्या पुढच्या एका आजी बसल्या होत्या. त्यांनी हॉलची चिठ्ठी, गुरुजींच्या फोनची चिठ्ठी, शववाहिनीची चिठ्ठी, महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीची चिठ्ठी आणि वारस नोंदीची चिठ्ठी एकावर एक ठेवली. आमच्या रूपरेषेत या पाच चिठ्ठ्या चार वेगवेगळ्या विभागांत होत्या. आम्ही विचारलं, "आजी, या ढिगाला नाव काय द्यायचं?" त्या म्हणाल्या, "घरात कोणी गेलं तर."

आजोबा गेले त्या रात्री त्यांच्या मुलाने याच पाच गोष्टींसाठी किती फोन केले असतील, ते आजींनी पाहिलेलं होतं. कार्यकारिणीच्या कोणत्याही बैठकीत हे नाव सुचलं नसतं. ते आम्ही तसंच ठेवलं आहे, एक अक्षर न बदलता. त्या पानावर कोणाला आधी फोन करायचा, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, त्याला काय काय लागतं, हे क्रमाने लिहिलं आहे. हॉलची माहिती तिथंही आहे, 'लग्न' इथंही आहे आणि 'गणपती' इथंही. पुस्तक कपाटात एकाच जागी राहू शकतं, म्हणून ग्रंथपालाने लेखकाचं, शीर्षकाचं आणि विषयाचं अशी वेगळी कार्डं केली. वेबसाइटवर ती सोय फुकट आहे. माहिती एकदाच लिहायची आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाटा तीन ठेवायच्या.

पहिल्या पानावर काय असावं, हे ठरवताना आम्हाला २००६ चा ऑगस्ट आठवला. उकाईतून पाणी सोडलं आणि शहर बुडालं. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, आणि मूर्ती आणायची की घरातला गाळ काढायचा अशी आपली स्थिती होती. मंडळाकडे सभासदांच्या पत्त्यांची आणि फोनची उत्तम वही होती. ती तळमजल्याच्या कपाटात होती. कोण कुठल्या मजल्यावर अडकलं आहे, कोणाकडे तान्हं मूल आहे, हे सगळं माहीत असणारी वहीच पाण्यात. आजही पावसाळा लागला की सुरतेतला प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "उकाई किती?" ३४५ फूट ही धरणाची पूर्ण पातळी शाळकरी पोरालाही पाठ आहे. म्हणून ठरवलं, की जुलै ते सप्टेंबर पहिल्या पानावर सगळ्यात वर उकाईच्या अधिकृत पातळीची वाट आणि मंडळाचे मदतीचे फोन. स्वागतपर मनोगत खाली गेलं तरी चालेल.

सगळं झाल्यावर परीक्षा घेतली. जेकब नील्सन म्हणून या विषयातले जाणकार आहेत, त्यांनी २००० मध्येच लिहून ठेवलं आहे की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक मोठ्या चुका बाहेर पडतात. आपल्याला पाच माणसं मिळायला काय अडचण? मंगळवारच्या भजनाला आलेल्यांतून पाच जणांना फोन हातात दिला आणि म्हटलं, "तुमच्या भावाला बी पॉझिटिव्ह रक्त हवं आहे. शोधा." पहिल्या तिघांना सापडलं. चौथे काका वर कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांकडे गेलेच नाहीत. त्या रेघा म्हणजे मेन्यू हे आम्ही गृहीत धरलं होतं. काका म्हणाले, "मला वाटलं नक्षी आहे." दुसऱ्या दिवशी त्या जागी 'सगळे विषय' असे शब्द लिहिले. ब्रिटनच्या सरकारने २०१२ मध्ये खात्याखात्यांचा पसारा एका साइटवर आणायला घेतला, तेव्हा त्यांनीही सुरुवात खात्यांपासून केली नाही, लोकांच्या गरजेपासूनच केली. मोठ्यांची आणि आपली रीत इथं एकच आहे. आपल्याकडे फक्त माणसं ओळखीची असतात, आणि हा आपला फायदा आहे.

घरी जाताना चार-पाच गोष्टी लक्षात ठेवा, त्या तुमच्या घरच्या कपाटालाही लागू पडतात. पहिली, वस्तूला नाव देताना ती किती जुनी आहे ते लिहू नका, ती कधी लागेल ते लिहा. दुसरी, 'इतर' नावाचं खोकं ठेवू नका. ठेवलंच, तर दर दिवाळीला रिकामं करा. तिसरी, फायलीला माणसाच्या भाषेतलं नाव द्या. 'स्कॅन ००४३' नको, 'वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला' असं लिहा. चौथी, जुनी माहिती काढून टाका. बदललेला फोन नंबर यादीत राहिला तर लोकांचा पूर्ण यादीवरचा विश्वास जातो. आणि पाचवी, तुम्ही लावलेलं तुम्हाला सापडतं याला काही किंमत नाही. घरातल्या दुसऱ्याला शोधायला सांगा, आणि तो शोधत असताना गप्प बसा.

एक विनंती करून थांबतो. साठांपैकी बावीस चिठ्ठ्यांची माहिती अजून अपुरी आहे. 'गावाकडचे कागद' या ढिगात तर ज्येष्ठांशिवाय आमचं पान हलणार नाही. कोणतं गाव आधी कोणत्या तालुक्यात होतं, जुनं नाव काय, कोणत्या शाळेत नोंदी सापडतात, हे ज्ञान आज तुमच्या डोक्यात आहे. आणि तिथं सर्च चालत नाही. दहाही दिवस प्रसादाच्या टेबलाशेजारी आमच्यापैकी कोणीतरी वही घेऊन बसलेलं असेल. अर्धा तास द्या. तुमचे शब्द तसेच लिहून घेऊ, परिपत्रकाच्या भाषेत बदलणार नाही.

आणि हो, समई यंदा पहाटे पाच मिनिटांत मिळाली. खोक्यावर आता लिहिलं आहे, 'चतुर्थीला सकाळी लागणारं'.

गणपती बाप्पा मोरया!